त्यामुळेच झालं, हे कशावरून?

मैत्रिणींनो, आपल्या रोजच्या बोलण्यात ‘त्यामुळे’ हा शब्द किती वेळा येतो ते कधी मोजलंय? नवा कुकर घेतला, त्यामुळे सिलिंडर पाच दिवस जास्त पुरला. शिकवणी लावली, त्यामुळे मुलाचे गुण वाढले. शेजारच्या वहिनी नोकरीला लागल्या, त्यामुळे घरात त्यांचा शब्द चालायला लागला. आपण ऐकतो, मान डोलावतो आणि पुढच्या कामाला लागतो. पण जरा थांबून विचारलं, ‘अहो, त्यामुळेच कशावरून?’ तर पंचाईत होते. सिलिंडर जास्त पुरला तो महिना मे होता आणि मुलं आजोळी गेली होती. चारांऐवजी दोघांचाच स्वयंपाक होत होता. मग श्रेय कुकरचं की आजीचं?

हाच प्रश्न धरून बसलेलं एक शास्त्र आहे. त्याला अर्थमिती म्हणतात. देशाचं उत्पन्न, महागाई या मोठ्या गोष्टी तिच्यात येतातच. पण तिची एक शाखा एकेक माणूस, एकेक घर, दुकान, शाळेतलं एकेक मूल यांच्याकडे पाहते. ती सूक्ष्म अर्थमिती. आणि ती खऱ्याखुऱ्या प्रश्नांना लावून पाहायची, म्हणजे उपयोजित. नाव ऐकूनच घाम फुटावा असा हा विषय एम.ए.च्या पातळीवर मी गेलं दीड वर्ष शिकते आहे. आणि तुम्हांला सांगते, ज्या बाईने दहा वर्षं घराचा हिशेब ठेवला आहे तिला यातला मुख्य प्रश्न नवा नाही. नवी आहे ती उत्तर शोधायची रीत.

मी राहते भिवंडी तालुक्यातल्या काल्हेरला. ठाण्याच्या बाजूने काशेळीचा पूल ओलांडला की पुढे आमचं गाव. एके काळच्या भातशेतीच्या या पट्ट्यात आता गोदामांच्या रांगाच रांगा आहेत. आमचे हे अशाच एका गोदामात हिशेबाचं काम पाहतात. मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले, लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि गेली सहा वर्षं जवळच्या एका शाळेत अर्धवेळ गणित शिकवते. अर्थशास्त्र शिकायला आपल्याकडे जागा कमी नाहीत. मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग १९२१ सालचा, पुण्याची गोखले संस्था १९३० सालची, आणि रिझर्व्ह बँकेने काढलेली गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था १९८७ सालची. पण डबे, शाळा, सासूबाईंची औषधं सांभाळून रोज तिथवर जाणं मला जमणारं नव्हतं. म्हणून पस्तिशी ओलांडल्यावर दूरशिक्षणाने नाव घातलं. पहाटे साडेचार ते सहा ही माझी वेळ. त्या वेळी रस्त्यावरचे ट्रकसुद्धा जरा कमी असतात.

आता हा विषय तुम्हांला सोपा करून सांगते. समजा, पन्नास मुलं शिकवणीला जातात आणि पन्नास जात नाहीत. जाणाऱ्यांना सरासरी ७० गुण, न जाणाऱ्यांना ५५. म्हणजे शिकवणीने १५ गुण वाढले? छे! शिकवणीला जाणाऱ्यांच्या घरी पैसा जास्त असेल, आई शिकलेली असेल, अभ्यासाला स्वतंत्र खोली असेल. मग रिग्रेशन नावाचं गणित कामाला येतं. ते सारख्या उत्पन्नाच्या, सारख्या शिकलेल्या आयांच्या मुलांची आपापसांत तुलना करून देतं, आणि १५ गुणांपैकी किती उरतात ते दाखवतं. इथपर्यंत ठीक. पण जे मोजलंच नाही त्याचं काय? मुलाची जिद्द, बापाचा धाक, घरात होणारी भांडणं यांचे आकडे कुठल्या रकान्यात लिहायचे? पुस्तकं सांगतात की जे मोजलं नाही ते गणिताच्या पोटात राहतंच आणि उत्तर वाकडं करतं. माझं पहिलं पुस्तक दामोदर गुजराती यांचं. हे गृहस्थ १९६० साली मुंबई विद्यापीठातून एम.कॉम. झाले, पुढे शिकागोला गेले, आणि त्यांचं अर्थमितीचं पुस्तक जगभर लावलं जातं.

मोजता न येणाऱ्या गोष्टींवर उपाय काय? एक उपाय तर आपण भिशीत दर महिन्याला करतो. चिठ्ठ्या टाकायच्या.

हसू नका, याच उपायावर फार मोठं काम आपल्या मुंबईत झालं आहे. ‘प्रथम’ ही संस्था मुंबईत नव्वदीच्या दशकात सुरू झाली. महापालिकेच्या शाळांत मागे पडणाऱ्या मुलांसाठी तिने ‘बालसखी’ योजना काढली. वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी रोज दोन तास पंधरा-वीस मुलांना बाजूला घेऊन वाचन आणि आकडेमोड शिकवायची. मानधन महिना ५०० ते ७५० रुपये. याचा उपयोग होतो का, हे पाहायला अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी मुंबई नि वडोदऱ्यात आले. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळणार हे त्यांनी सोडतीने ठरवलं. सोडत जिद्द पाहत नाही, बापाचा पगार पाहत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंना सगळ्या तऱ्हेची मुलं सारखीच वाटली जातात, आणि शेवटी जो फरक दिसतो तो बालसखीचा म्हणता येतो.

फरक किती दिसला? पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन. सोप्या भाषेत सांगायचं तर वर्गातल्या गुणांची नेहमीची पसरण दहा गुणांची धरली, तर दुसऱ्या वर्षीची वाढ तीन गुणांपेक्षा थोडी कमी. सगळ्यांत जास्त फायदा सगळ्यांत मागच्या मुलांना झाला. आणि योजना संपल्यावर एका वर्षाने त्यातला फक्त ०.१० च्या आसपास फायदा शिल्लक होता. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच तऱ्हेच्या कामाबद्दल. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या आई निर्मला बॅनर्जी माहेरच्या पाटणकर, हे आपण अभिमानाने सांगतोच. मला मात्र त्याहून आवडलं ते हे, की फायदा नंतर ओसरला ही गोष्टही त्यांनी तितक्याच स्वच्छपणे लिहून ठेवली.

पण प्रत्येक ठिकाणी चिठ्ठ्या कशा टाकणार? कायदा काही सोडतीने लागू होत नाही. मग दुसरा उपाय म्हणजे तारीख. आपल्या महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क मिळाला. मात्र त्या दिवसाच्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. देशभर हा हक्क २००५ साली आला, आणि त्यात लग्न झालेल्या मुलीही आल्या. आता प्रश्न असा, की १९९४ च्या कायद्याने मुलींचं खरंच काही भलं झालं का? नुसतं आधीचं नि नंतरचं पाहून चालत नाही, कारण काळ बदलतच होता; मुली तशाही जास्त शिकायला लागल्या होत्या.

मग तीन संशोधकांनी महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांतली कुटुंबं घेतली. काही घरांत वडील कायद्याच्या आधी वारले होते, काहींत नंतर. दोन्ही तऱ्हेच्या घरांत त्यांनी बहीण-भावांमधली तफावत पाहिली, आणि मग त्या दोन तफावतींची एकमेकींशी तुलना केली. काळ बदलला तो भावासाठीही बदलला. म्हणून भावाशी तुलना केली की काळाचा परिणाम वजा होतो. किती साधी युक्ती आहे पाहा! २०१३ साली त्यांनी लिहिलं की कायद्यानंतर मुलींना जमीन मिळण्याचं प्रमाण वाढलं, त्यांचं लग्नाचं वय वाढलं, शिक्षणही वाढलं. पण भावा-बहिणींतला फरक पुरता मिटला नाही.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ नुसती बसून होते. आमच्या भागात गोदामांमुळे जमिनींना सोन्याचा भाव आला आहे. हक्कसोडीच्या कागदावर सही करून माहेर राखणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि सही न केल्याने माहेर तुटलेल्याही पाहिल्या आहेत. ‘फरक पुरता मिटला नाही’ या चार शब्दांत त्या सगळ्याजणी येतात.

आता माझ्या शाळेतली गोष्ट सांगते. शाळेचं नाव सांगत नाही, कारण अशा शाळा गावोगावी आहेत. दोन वर्षांपूर्वी पाचवीतल्या काही मुलांना भागाकार येईना, म्हणून शाळा भरायच्या आधी एक तास मी त्यांचा वर्ग घ्यायला लागले. वरचा पगार काही नाही. यंदा दिवाळीनंतरच्या बैठकीत एक तक्ता मांडला गेला. सकाळच्या वर्गाला येणाऱ्या मुलांची सरासरी ४१, न येणाऱ्यांची ६३. ‘बाई, तुमच्या वर्गाचा उपयोग दिसत नाही. ती खोली संगणकाच्या वर्गाला देऊ या,’ असं सुचवण्यात आलं. संगणकाच्या वर्गाला फी होती, हे निराळं सांगायला नको.

दीड वर्षापूर्वी मी नुसती चिडले असते, नाहीतर गप्प बसले असते. त्या दिवशी मी विचारलं, ‘दवाखान्यातली माणसं बाहेरच्या माणसांपेक्षा जास्त आजारी असतात, म्हणून दवाखाना बंद करायचा का?’ माझ्या वर्गाला येतात तीच मुलं, ज्यांना गुण कमी पडतात. ती कमीच असणार!

मुख्याध्यापिकाबाईंना हे पटलं. पण त्यांनी लगेच उलट विचारलं, ‘बरं, उपयोग होत नाही हे सिद्ध होत नाही. पण होतो, हे तुम्ही कशावरून म्हणता?’ आणि त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. माझ्या वहीत जूनच्या चाचणीचे गुण होते. तेव्हाची या मुलांची सरासरी २९, आता ४१. बारा गुणांची वाढ दाखवून मी टाळ्या घेऊ शकले असते. पण शिकलेलं आड आलं. जूनच्या चाचणीत जे अगदी खाली होते, त्यांतल्या काहींना त्या दिवशी ताप असेल, कुणी उपाशी आलं असेल. अशी मुलं पुढच्या वेळी कुणी काही न शिकवताही थोडी वर येतात. शिवाय मूल सहा महिन्यांनी मोठं होतं, त्याचीही भर असते. बारांतले माझे किती, हे मला सांगता येईना.

मग मी सुचवलं ते चिठ्ठ्यांचंच. गरज असलेली मुलं निघाली सव्वीस. खोली लहान, आणि एका तासात मला तेरांकडेच नीट बघता येतं. तेव्हा आई-बापांना बोलावून सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढल्या. तेरा मुलं आता येतात, उरलेली तेरा पुढच्या सत्रात येतील. एका आईला वाईट वाटलं. ‘बाई, माझ्या पोराला आधी घ्या ना,’ म्हणाली. तिला म्हटलं, ‘ताई, आजवर जी आई माझ्याशी बोलायला येऊ शकायची तिचंच मूल आधी यायचं. जी दिवसभर गोदामात उभी असते तिचं राहून जायचं. चिठ्ठीला कुणाची ओळख लागत नाही.’ तिने जरा वेळाने मान हलवली. मुख्याध्यापिकाबाईंनी एका सत्रापुरती खोली दिली आहे. सत्राच्या शेवटी दोन्ही गटांना एकच पेपर, आणि तपासणार दुसऱ्या बाई. कोणतं मूल कोणत्या गटातलं हे त्यांना माहीत नसेल.

घरी हे सांगितल्यावर आमच्या हे म्हणाले, ‘आणि फरक दिसला नाही तर?’ मैत्रिणींनो, खरी कसोटी इथे आहे. फरक दिसला नाही तर मला तसं सांगावं लागेल, आणि खोली सोडावी लागेल. त्यातही एक मेख आहे. तेरा विरुद्ध तेरा म्हणजे फार लहान संख्या. नाणं दहा वेळा उडवलं तर सात वेळा छापा सहज येतो; त्यावरून नाणं खोटं ठरत नाही. माझ्या तेरांत दोन हुशार पोरं आली तरी फरक मोठा दिसेल. म्हणून दोन्ही सत्रांचे, आणि जमलं तर पुढच्या वर्षाचेही गुण एकत्र करून मगच बोलायचं असं ठरवलं आहे. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, एवढी पहाटे उठून शिकलीस ती “आत्ताच सांगता येत नाही” असं म्हणायला?’ मी हसून म्हटलं, ‘आई, ते ठामपणे म्हणायलाच शिकावं लागतं!’

तुमच्यापैकी कुणाला हा अभ्यास करावासा वाटला तर चार गोष्टी सांगते. पहिली, गणिताला भिऊ नका. पण त्याला वेळ द्या. दहावीचं बीजगणित आणि बारावीची संख्याशास्त्राची ओळख पुन्हा हाताखालून घाला. मला त्यालाच चार महिने लागले. दुसरी, महागडं काही विकत घ्यायला नको. आकडेमोडीसाठी ‘आर’ नावाची संगणक-प्रणाली फुकट मिळते आणि साध्या लॅपटॉपवर चालते. तिसरी, गणित सोडवण्याआधी प्रश्न मराठीत लिहा. ‘कुणाची तुलना कुणाशी?’ हे एका वाक्यात लिहिता आलं नाही, तर कितीही मोठं गणित उपयोगाचं नाही. चौथी, घरच्यांना रोज थोडं सांगत जा. सासूबाईंना नि यांना समजावून सांगितलेलं मला परीक्षेत कधी अडलं नाही.

आणि हे आकडे येतात कुठून, हेही लक्षात असू द्या. धनंजयराव गाडगीळांच्या गोखले संस्थेने १९३० च्या दशकात पुण्यात घरोघर जाऊन पाहणी केली होती. अलीकडच्या काळात दादरच्या शाळांमधून गेल्या पिढीत शिकलेल्या मराठी मुलांच्या घरांची अशीच पाहणी झाली, आणि २००६ साली त्यावर केवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग यांनी लिहिलं. त्यात दिसलं ते विचार करायला लावणारं आहे. बाप-काकांच्या ओळखीने ज्या जातींच्या मुलांना मजुरीची कामं मिळायची, ते मुलगे मराठी माध्यमातच राहिले. मुलींना अशी ओळख कधी कामाला आलीच नव्हती, म्हणून त्या इंग्रजी माध्यमाकडे जास्त वेगाने वळल्या आणि पुढे गेल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत देशातल्या सात लाखांहून जास्त बायकांशी बोलणं झालं. ही सगळी उत्तरं तुमच्या-माझ्यासारख्या बायकांनी दारात उभं राहून दिलेली आहेत. तेव्हा पाहणीवाली मुलगी ओळखपत्र दाखवून दाराशी आली, तर तिला ‘नंतर ये’ म्हणून वाटेला लावू नका. पाणी द्या, आणि खरं ते सांगा. तिच्या कागदावर आपण नसलो, तर आपल्याविषयीचे निर्णय आपल्याला वगळून होतात.

एम.ए. करणं सगळ्यांना जमेल असं नाही, आणि त्याची गरजही नाही. पण शिकवणीची जाहिरात असो, औषधाची असो, नाहीतर एखाद्या योजनेचं कौतुक असो, तीन प्रश्न मात्र पदराला गाठ मारून ठेवा. तुलना कुणाशी केली? ती माणसं आधीपासूनच वेगळी नव्हती ना? आणि हे किती जणांवरून म्हणता? विचारायला पैसा लागत नाही आणि पदवीही लागत नाही. माझ्या त्या तेरा अधिक तेरा मुलांसाठी ते कुणीतरी विचारणं फार गरजेचं होतं. तुमच्याही घरात, शाळेत, सोसायटीच्या बैठकीत कुणीतरी विचारायला हवं असेल. ती तुम्हीच का असू नये?